तेरियादु : जाफन्यातला एक दिवस



मागच्या भागानंतर इंदूरच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला. त्यांचं म्हणणं असं, की करार, सेनापती, मोहिमांची नावं हे सगळं तुम्ही सांगितलंत, पण चोवीस वर्षांचा एक लेफ्टनंट परक्या देशात दिवसभर करायचा तरी काय? प्रश्न साधा आहे, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मला तो कुणी विचारला नव्हता. आजचा भाग त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

माझ्या पिढीच्या मराठी घरांत श्रीलंका म्हणजे रेडिओ सिलोन. बुधवारची रात्र, अमीन सयानींचा आवाज आणि बिनाका गीतमाला. त्या देशात मी एक दिवस हातात रायफल घेऊन उतरेन, असं कुणी सांगितलं असतं तर हसू आलं असतं. जानेवारी १९८८ मध्ये मी पलालीच्या धावपट्टीवर उतरलो. कमिशन मिळून तीन वर्षंही झाली नव्हती.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढचं नीट कळेल. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागातल्या तमिळांना स्वतःचा प्रांत आणि अधिकार, त्या बदल्यात तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची, आणि यावर देखरेख करायला भारताची शांतिसेना, असा तो सौदा होता. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तो फटका खांद्यावर निभावला. त्याच दिवसांत आपली ५४ इन्फंट्री डिव्हिजन जाफन्यात उतरत होती. जाफन्याच्या लोकांनी आपल्या जवानांच्या गळ्यात हार घातले. आया-बाया पाणी घेऊन रस्त्यावर आल्या.

हे दहा आठवडे टिकलं. एलटीटीईनं थोडी शस्त्रं दिली, बाकीची ठेवून घेतली. सप्टेंबरमध्ये त्यांचा तिलीपन नल्लूरच्या देवळाजवळ उपोषणाला बसला आणि २६ तारखेला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्रात पकडलेल्या एलटीटीईच्या सतरा जणांना कोलंबोला नेण्याचा हट्ट श्रीलंका सरकारनं धरला. त्यांनी सायनाइड खाल्लं, बारा जण मेले. १० ऑक्टोबरला ऑपरेशन पवन सुरू झालं. ज्यांना वाचवायला आपण गेलो होतो, त्यांच्याच गल्ल्यांमध्ये आपली लढाई सुरू झाली. महिनाअखेरीस जाफना शहर आपल्या ताब्यात आलं. एलटीटीई मात्र संपली नव्हती, ती गल्लीबोळात आणि पुढे वन्नीच्या जंगलात पसरली. मी पोचलो तेव्हा असा मामला होता.

माझ्या पलटणीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. बरेच जवान सातारा, सांगली, नगर, बुलढाण्याकडचे होते, एवढं पुरे. माझी प्लाटून, म्हणजे तिशीतली माणसं, पलाली ते जाफना रस्त्याच्या आतल्या बाजूला एका तिठ्यावर होती. एक सोडून दिलेलं घर. मालक बहुधा कोलंबोला किंवा त्याहून लांब गेला असावा. भिंतीवर त्याच्या मुलीचा पदवीदानाचा फोटो तसाच होता. तो उतरवायचा नाही, असं आमच्या सुभेदार साहेबांनी पहिल्याच दिवशी जवानांना बजावलं. मी गेल्यावर मलाही तेच सांगितलं. पंचेचाळिशीतला माणूस, १९७१ पाहिलेला. हुद्द्यानं मी वर होतो, पण त्या घरात खरी शिकवणी त्यांचीच चालायची.

दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साडेचारला स्टँड-टू. उजाडायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास हल्ल्याला सर्वांत सोयीचा, म्हणून त्या वेळात सगळी प्लाटून आपापल्या मोर्च्यात शस्त्र रोखून बसते. मी प्रत्येक मोर्च्यात जायचो. कुणाला ताप आहे, कुणाचे डोळे लाल आहेत, कुणी रात्रीत एक शब्द बोललेला नाही, हे पाहायचो. लेफ्टनंटच्या नोकरीतला अर्धा भाग एवढाच असतो.

उजाडलं की रोड ओपनिंग. हे काम समजावून सांगायला हवं, कारण तिथल्या आयुष्याचा निम्मा वेळ त्यातच गेला.

जाफन्याचा प्रदेश सपाट आहे. खाली चुनखडी, नदी एकही नाही, सगळी शेती विहिरींच्या पाण्यावर. कांदा, मिरची, तंबाखू. घरं आवारात, आवाराला ताडाच्या झावळ्यांचं माणसाहून उंच कुंपण, आणि दोन कुंपणांच्या मधून जाणारी अरुंद गल्ली. त्या गल्लीत पुढच्या वळणापलीकडचं काही दिसत नाही. आणि रस्त्याखाली सुरुंग. कारखान्यात बनलेला सुरुंग यंत्राला सापडतो. इथे जिलेटिन प्लॅस्टिकच्या डब्यात भरून मोरीखाली किंवा डांबराच्या कडेला पुरलेलं असायचं. त्यातून एक तार निघायची, शंभर-दीडशे मीटरवर कुंपणाआड जायची आणि तिथे एखादा पोरगा बॅटरी घेऊन बसलेला असायचा. जवानांनी भरलेली गाडी मोरीवर आली की तो तार जोडणार.

म्हणून डबा शोधण्यापेक्षा तार शोधायची आणि तारेच्या टोकाचा माणूस शोधायचा. दोन टोळ्या रस्त्यापासून बऱ्याच आत, दोन्ही बाजूंनी, कुंपणं ओलांडत चालायच्या, म्हणजे तार आडवी लागलीच तर पायाखाली यावी. मधली टोळी रस्त्यानं, प्रत्येक मोरीत वाकून बघत. कालची माती आज वेगळ्या रंगाची दिसते का, रोज दिसणारी म्हातारी आज ओसरीवर का नाही, शाळेची पोरं आज दुसऱ्या गल्लीनं का गेली, या खुणा. चार किलोमीटरला तीन तास लागायचे. त्यानंतर रेशनची गाडी यायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच रस्ता पहिल्यापासून. रात्रीत त्याचं काय झालं, कुणाला ठाऊक?

नऊ-दहाला नाक्याचं काम. सायकली, बस, तंबाखूच्या गाड्या, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा. आम्हांला तमिळ येत नव्हतं. प्लाटूनमध्ये एकालाही नाही. कंपनीत दुभाष्या एक, तोही नेहमी दुसरीकडे. मी एका वहीत शब्द लिहून घेतले होते. वणक्कम, तण्णी म्हणजे पाणी, वीडु म्हणजे घर. पण सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला शब्द वहीत लिहावा लागला नाही. तेरियादु. माहीत नाही.

काल रात्री इथून कोण गेलं? तेरियादु. हे घर कुणाचं? तेरियादु. हा तुझा भाऊ का? त्यालाही तेरियादु.

पहिल्या महिन्यात मला त्या शब्दाचा संताप यायचा. वाटायचं, ही माणसं खोटं बोलतात. कारण समजायला वेळ लागला. आमच्याशी बोलताना दिसलेल्या माणसाला एलटीटीई खबऱ्या ठरवायची आणि दिव्याच्या खांबाला बांधून गोळी घालायची. दुसरीकडून आम्हीही कमी त्रास दिला नाही. गावाला वेढा घालायचा, सगळे पुरुष मैदानात बसवायचे आणि चेहरा झाकलेल्या एका माणसासमोरून एकेकाला न्यायचं. त्यानं मान हलवली की तो पुरुष ताब्यात. मान हलवणारा जुनं वैर काढतोय की खरं सांगतोय, हे मला कळायला मार्ग नव्हता. त्या मैदानात उन्हात बसलेल्या बापाला काय वाटत असेल, याचा विचार मी तेव्हा फार केला नाही. आज करतो.

शस्त्रांचंही सांगतो. आमच्याकडे ७.६२ची एसएलआर. लांब, जड, एकेक गोळी झाडणारी, उत्तम रायफल, पण मोकळ्या मैदानासाठी. त्यांच्याकडे एके-४७. अरुंद गल्लीत, वीस पावलांवर, कोण वरचढ ठरेल हे सांगायला नको. त्यांचे वायरलेस सेट लहान आणि आमच्यापेक्षा चांगले होते, आणि आमचं बोलणं ते ऐकतात याची खात्री असायची. हिंदी, इंग्रजी त्यांना समजायचं. मग आमच्या पलटणीनं आपला उपाय काढला. तातडीचं बोलणं अस्सल गावरान मराठीत. ‘वड्याकडनं वर सरक, पर बांदाच्या अल्याडच थांब’ असं साताऱ्याच्या एका हवालदारानं सांगितलं, की ते मलाच दोनदा ऐकावं लागायचं.

दुपारी तास-दोन तास मिळायचे. मेस टिनमध्ये डाळ-भात, डब्यातली भाजी, कधी मासे. माणसं हत्यार साफ करायची, दाढी करायची, पाय दाखवायची. पायांची तपासणी हे लेफ्टनंटचं काम. रोज पंधरा किलोमीटर ओल्या बुटांत चालणाऱ्याचा पाय कुजला तर एक रायफल कमी होते. मलेरियाची गोळी माझ्यासमोर गिळायची, कारण ती कडू असते आणि जवान ती गालात ठेवून नंतर थुंकतो. हे मीही प्रशिक्षणात केलं होतं, त्यामुळे मला फसवणं अवघड होतं.

त्याच वेळात मी कधीकधी समोरच्या आवारात जायचो. तिथे एक निवृत्त शाळामास्तर राहायचे. इंग्रजी इतकं शुद्ध, की माझी वाक्यं मला लाजिरवाणी वाटायची. जाफन्यात शिक्षणाला देवासारखा मान. शहरातलं सार्वजनिक ग्रंथालय १९८१ मध्ये जाळलं गेलं, सुमारे ९७,००० पुस्तकं गेली. ते जाळणाऱ्यांत सरकारचे पोलीस होते, हे तिथलं लहान मूलही सांगायचं. मास्तर म्हणायचे, आमच्या पोरांनी बंदुका का उचलल्या ते कळायचं असेल तर आधी ती इमारत बघून या. मी बघून आलो. काळवंडलेल्या भिंती आणि वर उघडं आकाश.

मास्तर कधी आमच्या बाजूनं बोलले नाहीत, एलटीटीईच्याही नाही. २१ ऑक्टोबर १९८७ची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. त्या दिवशी जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात आपल्या जवानांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठाहून अधिक माणसं मेली. आतून आपल्यावर गोळीबार झाला होता, असं लष्कराचं म्हणणं. मी तिथे नव्हतो, त्यामुळे साक्ष देऊ शकत नाही. पण मास्तरांच्या ओळखीच्या परिचारिका तिथे होत्या, आणि माझ्याच गणवेशाकडे बघत ते हे सांगत होते. भिंतींवर आयपीकेएफ या अक्षरांचा लोकांनी वेगळाच अर्थ लावला होता, निरपराध माणसं मारणारी फौज असा. मला राग आला, आणि उत्तर देता आलं नाही.

एकदा मी त्यांना सरळ म्हणालो, मास्तर, तुम्ही लोक आम्हांला थोडी माहिती द्या, हे लवकर संपेल. त्यांनी मला विचारलं, “तंबी, तुम्ही लोक जाणार कधी?” तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी म्हणालो, काम संपलं की. ते म्हणाले, “काम काय आहे?” मी विचारात पडलो. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. “तुम्ही गेल्यावर, तुमच्याशी बोललेल्या माणसांचं कोण बघणार?”

त्या दिवसानंतर मी नाक्यावर तेरियादु ऐकून चिडलो नाही.

संध्याकाळी टपाल. पत्ता सगळ्यांचा एकच, द्वारा ५६ एपीओ. पत्र यायला दिवस लागायचे, कधी आठवडे, कधी चार एकदम. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं मी किंवा कंपनीचा कारकून लिहायचो. सगळ्यांचा मजकूर सारखाच. मी खुशाल आहे, जेवण चांगलं आहे, हवा आपल्या कोकणासारखी आहे, काळजी नसावी. मीही आईला हेच लिहायचो. घरचे वर्तमानपत्र वाचायचे, आम्ही खोटं लिहितो हे त्यांना कळायचं, आणि त्यांना कळतं हे आम्हांला. तरी कुणी रीत मोडली नाही.

अंधार पडला की रात्रीचं काम. दिवसाआड ॲम्बुश. सात-आठ जण घेऊन, आवाज न करता, एखाद्या पायवाटेशी जाऊन पहाटेपर्यंत पडून राहायचं. खोकायचं नाही, डास मारायचा नाही. बहुतेक रात्री कुणीही येत नाही. कुत्रं भुंकतं, ताडाचं पान पडतं, आणि बोट ट्रिगरवर जातं. चोविसाव्या वर्षी मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटायची? मरणाची वाटायची, नाही म्हणत नाही. त्याहून जास्त वाटायची ती अंधारात चुकीच्या माणसावर गोळी झाडण्याची, आणि तेवढीच, बरोबर माणसावर वेळेत न झाडण्याची.

आमच्या भागापासून फार लांब नाही, तिथेच २५ नोव्हेंबर १९८७च्या रात्री ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन झडती संपवून परतत होते. टोळीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी थेट हल्लेखोरांवर चाल केली. जखमी अवस्थेत एकाची रायफल हिसकावून त्यालाच गोळी घातली आणि मग कोसळले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. मुंबईत जन्मलेला, मुंबईतच शिकलेला माणूस. मी पोचलो तेव्हा जवान त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलायचे. मी मनात म्हणायचो, माझ्यावर तशी वेळ आली तर?

वेळ आली ती वेगळीच. एप्रिलमधली सकाळ. रोड ओपनिंग, नेहमीचा रस्ता, नेहमीची मोरी. डाव्या टोळीतला एक जवान कुंपण ओलांडून पलीकडे उतरला आणि स्फोट झाला. तार शोधणाऱ्यांसाठीच कुंपणापलीकडे छोटा सुरुंग ठेवलेला होता. रोज आम्ही त्याच जागी कुंपण ओलांडतो, हे कुणीतरी पाहून ठेवलं होतं. जागा बदलणं माझं काम होतं. ते मी त्या आठवड्यात केलं नव्हतं. जवान वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. हेलिकॉप्टर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो माझा हात धरून एकच म्हणत होता, “साहेब, घरी कळवू नका.” समोरच्या घरातली बाई पाणी घेऊन आली. तीच बाई, जिनं आदल्या दिवशी मला दोनदा तेरियादु सांगितलं होतं. तिला सुरुंगाचं माहीत होतं का? मला वाटतं, माहीत असावं. तरी ती पाणी घेऊन आली. या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे मी त्या सकाळी शिकलो.

माझी जवानांवर त्या क्षणी नजर होती. सगळ्यांच्या मनात काय होतं, हे मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. सुभेदार साहेब मोठ्यानं एवढंच म्हणाले, “हत्यारं सेफ करा.” मी तो हुकूम पुन्हा दिला. कुणीही गोळी झाडली नाही. पूर्ण नोकरीत मी दिलेला सर्वांत महत्त्वाचा हुकूम तोच, आणि तोही मला आधी दुसऱ्यानं सुचवला होता.

आता पुढचा इतिहास. शांतिसेना वाढत वाढत चार डिव्हिजनची झाली. जाफना, वावुनिया, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ. नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रांताची निवडणूक झाली, वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पाठीशी आपण होतो. पण कोलंबोत राष्ट्राध्यक्ष बदलले. प्रेमदासा यांनी भारतीय फौज चालती व्हावी असं जाहीर सांगितलं, आणि आपल्याविरुद्ध लढायला एलटीटीईलाच गुपचूप शस्त्रं पुरवली. दिल्लीतही सरकार बदललं. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. आपले अकराशेहून अधिक जवान आणि अधिकारी तिथे गेले. परतणाऱ्या फौजेच्या स्वागताला मद्रासमध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री आले नाहीत. आपल्या राज्यातल्या लोकांच्या बांधवांना मारून आलेल्या फौजेचं स्वागत कसं करू, अशी त्यांची भूमिका होती. आज कोलंबोजवळ श्री जयवर्धनपुर कोट्टे इथे त्या जवानांच्या नावांचं स्मारक आहे. श्रीलंकेनं उभारलेलं.

आणि मास्तरांचा तिसरा प्रश्न? त्याचं उत्तर आम्ही निघता निघता मिळालं. आपण उभी केलेली तमिळ फौज, जिच्यात कितीतरी पोरं जबरदस्तीनं भरती झालेली होती, एलटीटीईनं पाहता पाहता मोडून काढली. पेरुमाळ भारतात आले. सामान्य माणसाला पळायला विमान नव्हतं. जाफना विद्यापीठातल्या डॉक्टर रजनी तिराणगामा यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर ‘द ब्रोकन पामिरा’ या पुस्तकात सगळ्याच बाजूंचा हिशेब मांडला होता, आपल्या फौजेचाही. सप्टेंबर १९८९ मध्ये सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या गल्ल्यांमधून मी रोज तारा शोधत फिरलो, त्याच गल्ल्यांचं ते पुस्तक. माझ्या दिवसाची दुसरी बाजू मला त्यात सापडली.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लेफ्टनंट दिवसभर रस्ता उघडायचा, पाय तपासायचा, गोळ्या गिळायला लावायचा, पत्रं लिहायचा आणि न समजणाऱ्या भाषेत प्रश्न विचारायचा. यातली प्रत्येक गोष्ट कशी करायची, हे सैन्यानं मला उत्तम शिकवलं होतं. हे सगळं कशासाठी आणि कधीपर्यंत, हे ठरवणं माझं काम नव्हतं. ज्यांचं होतं, त्यांनी ते फौज पाठवण्याआधी पुरेसं ठरवलं नव्हतं, असं माझं मत आहे. परदेशात सैन्य पाठवायची चर्चा पुन्हा कधी कानावर आली, तर मंडळी, मास्तरांचे तीन प्रश्न आठवा. जाणार कधी, काम काय, आणि आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांचं पुढे काय.

मी परत गेलो नाही. मास्तर १९९० नंतर कुठे होते, होते का, याची चौकशी केली नाही, असं नाही. दोन-तीन जणांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं.

तेरियादु.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.